मनगटावरची चार अक्षरे : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

आपला आजार किंवा ॲलर्जी सांगणारे कडे, साखळी अथवा लॉकेट अंगावर घालावे का, असे विचारणारी बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आली. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

सप्रेम नमस्कार. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी चिक्कीचा एक तुकडा खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजले, अंगभर पित्त उठले आणि श्वास लागला. शाळेतल्या बाईंना सांगितले आहे, पण बाई दरवर्षी बदलतात. परदेशात राहणारी माझी जाऊ म्हणते की तिकडे अशा मुलांच्या हातात कडे असते. आपल्याकडे त्याचा उपयोग होईल का? त्यावर काय लिहावे? – एक आई, नाशिक

ताई, या कड्याची सुरुवातच एका मुलीच्या आईवडिलांच्या काळजीतून झाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात टरलॉक नावाचे गाव आहे. तेथील लिंडा कॉलिन्स या मुलीला 1953 साली बोट कापल्यावर धनुर्वाताच्या प्रतिविषाची केवळ चाचणीची मात्रा देण्यात आली आणि तेवढ्यानेच ती मरणाच्या दारात पोहोचली. त्या काळी हे प्रतिविष घोड्याच्या रक्तातील द्रवापासून बनवत असत. तिचे वडील स्वतः डॉक्टर होते. मुलगी घराबाहेर असताना कोणी अजाणता तेच इंजेक्शन देईल, या धास्तीने त्यांनी तिच्यासाठी अक्षरे कोरलेले कडे घडवून घेतले आणि 1956 साली त्यातूनच ‘मेडिकअलर्ट’ ही संस्था उभी राहिली. (आज जखम झाल्यावर आपण जी धनुर्वाताची लस घेतो ती वेगळी असते आणि तिच्यात घोड्याच्या रक्ताचा अंश नसतो, त्यामुळे कोणीही घाबरून ती टाळू नये.)

आपल्याकडे उपयोग होईल का, याचे माझे उत्तर निःसंशय ‘होईल’ असेच आहे, आणि त्याचे कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. मराठी घरात दाण्याचे कूट इतके सवयीचे असते की वाढणाऱ्या व्यक्तीच्या ते लक्षातही राहत नाही. “अहो, यात काही नाही, साधी काकडीची कोशिंबीर आहे,” असे मनापासून सांगणाऱ्या काकूंनी तीत मूठभर कूट घातलेले असते. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याच्या खिचडीपासून आमटीपर्यंत ताटातले बहुतेक पदार्थ दाण्याचेच असतात. मित्राच्या वाढदिवसाला गेलेल्या मुलाने दर वेळी स्वतः सगळे समजावून सांगावे, ही अपेक्षा आठ वर्षांच्या जिवाकडून करता येत नाही. ते काम कडे करू शकते.

एक गोष्ट मात्र जपावी लागेल. आपल्या मुलांच्या गळ्यात किंवा दंडावर ताईत असतो आणि तपासणारा माणूस तो श्रद्धेचा विषय समजून आदराने बाजूला सारतो. तुम्ही साधे लॉकेट केलेत तर त्याचीही तीच गत होण्याची भीती आहे. म्हणून कडे मनगटावरच असावे, कारण कोणीही शुद्ध हरपलेल्या माणसाची नाडी पाहायला आधी मनगटच धरतो. त्याच्या दर्शनी बाजूस लाल रंगात वैद्यकीय खूण असावी. काठीला वेढलेला साप असलेली सहा टोकांची चांदणी आपण रुग्णवाहिकांवर पाहतो, ती चालेल. मजकूर इतकाच पुरे : मुलाचे नाव, ‘शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी’, ‘ॲड्रेनलिन द्या’ आणि दोन फोन नंबर. पुढच्या बाजूस मराठी आणि मागे रोमन लिपी ठेवलीत, तर शाळेतल्या मावशींनाही ते वाचता येईल आणि परप्रांतात गेलात तर तेथील डॉक्टरांनाही.

‘ॲड्रेनलिन’ हा शब्द मी मुद्दाम कोरायला सांगतो आहे. अशा झटक्यात पुष्कळदा ॲव्हिल (खाज व पुरळ कमी करणारे औषध) आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन वाट पाहिली जाते. ती औषधे दुय्यम आहेत. प्राण वाचवणारे औषध ॲड्रेनलिनच, आणि ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत विनाविलंब द्यावे लागते. त्याची मात्रा दर किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम अशी असते, म्हणजे 25 किलोच्या मुलाला 0.25 मिलिग्रॅम. आपोआप टोचणारी पेने आपल्याकडे सहज मिळत नसल्याने, तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून औषधाची कुपी व सिरिंज घरी आणि शाळेत ठेवण्याची आणि ती वापरण्याची रीत प्रत्यक्ष हाताने शिकून घ्या.

माझे वय 68 असून मी निवृत्त शिक्षक आहे. 12 वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. शिवाय मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड आहे, गुडघाही बदललेला आहे. खिशात कार्ड आहे आणि मुलाने मोबाइलमध्येही माहिती भरून दिली आहे. तरीही कडे हवे का? हे सारे त्यावर मावणार कसे? – एक वाचक, सांगली

गुरुजी, सारे मावायला नकोच. कड्यावर तेवढेच असावे, जे ठाऊक नसल्यास पहिल्या तासाभरात डॉक्टरांच्या हातून चूक होऊ शकते. तुमच्या बाबतीत ती गोष्ट एकच आहे : कृत्रिम झडप आणि रक्त पातळ करणारे औषध. वॉर्फरिन असो की ॲसेनोकुमारॉल, औषधाचे मूळ नाव कोरा. कंपनीचे नाव नको, कारण ते बदलते. मात्रा कोरू नका, कारण आय.एन.आर.च्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीनुसार तीही बदलते. रक्तदाब रुग्णालयात मोजलाच जातो. बोटातून थेंबभर रक्त घेतले की साखरही मिनिटभरात कळते. मधुमेहासाठी तुम्ही इन्सुलिन घेत असाल तर मात्र तो शब्द जरूर घाला. थायरॉइड आणि गुडघा कार्डावर राहू द्या.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्यामागे निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र आहे. दुचाकीवरून पडलेल्या पन्नाशीच्या एका बाईंना आमच्याकडे आणले होते. डोक्याला किरकोळ खोक होती आणि त्या व्यवस्थित बोलत होत्या. खोक शिवली आणि दुखण्यावर नेहमीचे इंजेक्शन दिले. पुढे त्या गुंगीत गेल्या, तेव्हा सोबत आलेल्या शेजारणीने प्लास्टिकची पिशवी उघडली. तिच्यात बाईंच्या बांगड्या, मंगळसूत्र आणि त्यांच्याखाली कडा दुमडलेली एक लहानशी वही होती. वहीत दर महिन्याचा आय.एन.आर. नीटनेटक्या अक्षरात लिहिलेला होता. बाईंची झडप तुमच्यासारखीच कृत्रिम होती. तीन तास ती वही दाराबाहेरच्या बाकावर होती आणि तेवढ्या वेळात कवटीच्या आत रक्त साठत गेले होते. शस्त्रक्रिया होऊन त्या वाचल्या, परंतु त्यांचा उजवा हात पूर्वीसारखा चालला नाही. डोक्याला मार लागलेला रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेतो, एवढे कळले असते तर सी.टी. स्कॅन लगेच झाला असता आणि रक्तस्राव वाढवू शकणारे ते इंजेक्शन टळले असते.

कार्ड खिशात आहे हे उत्तमच. पण अपघातात सदरा फाडला जातो, पाकीट हरवते. मोबाइलमधील माहिती कुलूप न उघडताही दिसेल अशी भरता येते आणि ती प्रत्येकाने भरावी, मात्र फोन फुटू शकतो किंवा त्याची बॅटरी संपू शकते. आभा कार्डाच्या (सरकारी डिजिटल आरोग्य-ओळखपत्राच्या) 14 अंकी क्रमांकामागील कागदपत्रे पाहण्यासाठी तुमची संमती लागते आणि बेशुद्ध माणूस ती देऊ शकत नाही. कडे या सर्वांच्या जोडीला असावे, त्यांच्या ऐवजी नव्हे.

मी 25 वर्षांची आहे. 11 व्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे आणि मी इन्सुलिन घेते. लग्न ठरले आहे. होणाऱ्या यजमानांना सगळे ठाऊक आहे, पण आई म्हणते की कडे घालून मिरवू नकोस, सासरच्या चार लोकांत चर्चा होईल. मला स्वतःलाही कानकोंडे होते. काय करावे? – एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या आईंच्या मनातली भीती मी समजू शकतो. मुलीच्या आजाराबद्दल आपल्या समाजात जे बोलले जाते, ते त्यांनी ऐकलेले असणार. तरीही त्यांना माझ्या वतीने एवढे सांगा की इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर 70 च्या खाली घसरत गेली, की आधी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, मग बोलणे असंबद्ध होते आणि चाल अडखळते. न ओळखणारे लोक त्याला नशा समजतात, वेड समजतात, आणि खेड्यापाड्यांत अजूनही ‘अंगात आले’ असेही म्हणतात. लग्नाच्या धामधुमीत जेवणाच्या वेळा हमखास चुकतात. हळदीच्या किंवा सत्यनारायणाच्या दिवशी, नव्या घरातल्या अनोळखी माणसांत तुमची साखर उतरली, तर चर्चा त्या प्रसंगाची होईल. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून देणारे कोणीतरी तेव्हा जवळ असले पाहिजे, आणि ते द्यायला हवे हे त्याला कळले पाहिजे.

हे कडे रुग्णालयातल्या पट्टीसारखे दिसलेच पाहिजे असे कोठे आहे? चांदीच्या पाटलीवर किंवा नाजूक साखळीतल्या पदकावर पुढून लहानशी लाल खूण आणि आतल्या बाजूस ‘टाइप वन मधुमेह – इन्सुलिन’, असे तुमच्या नेहमीच्या सराफाकडून करून घेता येईल. हिरव्या चुड्यात ते दडून जाणार नाही, एवढे पाहा. चुडा भरलेला असेल तेव्हा ते दुसऱ्या हातात मोकळे घाला. अक्षरे कोरण्यासाठी, आपण भांड्यांवर नाव घालून घेतो त्या यंत्राने काम होते, पण ती बारीक टिंबांची अक्षरे वर्षभरात पुसट होतात. स्मृतिचिन्हे आणि ढाली बनवणाऱ्या दुकानांत लेझरने कोरून मिळते, ते अधिक टिकते.

आणखी एक विनंती. लग्नाआधी तुमच्या यजमानांना आणि होणाऱ्या सासूबाईंना एकदा तुमच्या डॉक्टरांकडे सोबत न्या. घरातली माणसे जाणती झाली की कानकोंडेपण पुष्कळ कमी होते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

लहानपणी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतल्यावर मला चक्कर आली होती. तेव्हापासून प्रत्येक कागदावर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असे लिहिले जाते. आता वय 40 आहे. कड्यावर तेच कोरावे का? कृत्रिम दागिन्यांनी मला पुरळही येते. – एक वाचक, सोलापूर

इतक्यात कोरू नका. पेनिसिलिनचे इंजेक्शन फार दुखते आणि वेदनेने वा भीतीने मुलांना चक्कर येणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. खऱ्या ॲलर्जीत अंगावर पित्त उठते, ओठ वा डोळे सुजतात, घसा आवळतो, दम लागतो. ज्यांच्या कागदावर ही ॲलर्जी नोंदलेली असते त्यांची रीतसर तपासणी केली, तर दहातले नऊ जण हे औषध बिनधोक घेऊ शकतात असे आढळते. शिवाय खरी ॲलर्जीही काळानुसार बहुतेकांत ओसरते. चुकीची नोंद निरुपद्रवी नसते, कारण तिच्यामुळे आयुष्यभर अधिक जहाल आणि महाग प्रतिजैविके माथी मारली जातात. तपासणी होईपर्यंत मात्र पेनिसिलिन टाळा आणि ही शंका डॉक्टरांना प्रत्येक वेळी सांगा. घरच्या घरी प्रयोग करू नका. ॲलर्जीतज्ज्ञांकडे, सर्व साधने हाताशी असताना तपासणी करून घ्या.

पुरळाचे कारण बहुधा निकेल असावे. साध्या पोलादी कड्यातही ते असते. पुढे कडे करायचे झाल्यास टायटॅनियमचे करा. कोणत्याही धातूचे असले तरी एम.आर.आय.च्या खोलीत जाताना ते उतरवावे लागते.

मी पुण्यात रिक्षा चालवतो. मागच्या महिन्यात स्टँडजवळ एक गृहस्थ बसल्या जागी बरळत होते, शर्ट घामाने चिंब होता. सगळे म्हणाले, प्यायलेला आहे. नंतर कळले की त्यांची साखर उतरली होती. आमच्यासारख्यांनी अशा वेळी काय पाहावे? – एक वाचक, पुणे

दादा, तुम्ही हे लिहून विचारलेत याचे मला फार मोल वाटते, कारण कडे घालणाऱ्याचा सारा भरवसा तुमच्यासारख्या पहिल्या माणसावरच असतो. आधी दोन्ही मनगटे आणि गळा पाहा. कडे किंवा पदक उलटवून मागची बाजूही वाचा. काही लोक घड्याळाच्या पट्ट्यात पत्रा बसवतात, तोही पाहा. माणूस शुद्धीवर असेल, त्याला गिळता येत असेल आणि कड्यावर मधुमेह लिहिले असेल, तर साखरेचे पाणी किंवा टपरीवरचा भरपूर साखर घातलेला चहा कोमट करून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. त्याला कुशीवर वळवा. फिट आली असेल तर चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, दातांत चमचा घालू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तो अधिक गंभीर प्रसंग असतो, हे डॉक्टरांना सांगा. 108 ला फोन केलात की कड्यावरची अक्षरे जशीच्या तशी वाचून दाखवा. अर्थ कळला नाही तरी अक्षर न् अक्षर सांगा.

कडे काढून घेऊ नका. रुग्णालयात पोहोचल्यावर रुग्णाचे दागिने उतरवून रुमालात बांधतात आणि सोबतच्या माणसाच्या हाती देतात. ती पुरचुंडी तुमच्या हातात येण्याआधीच सिस्टरांना थांबवून कड्यावरचा मजकूर केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा.