घाबरलीस कुठे, ते आधी सांग

प्रिय पोरी,

चित्रपटांवरची तुझी टिपणं मिळाली. शेवटचं दोनदा वाचलं, कारण त्यात तू एक अख्खा भयपट पाच ओळींत निकालात काढला आहेस. भीती वाटली नाही, कथेत दम नाही, शेवट बकवास. असेलही तसं. पण तो पाहिलास कुठे? थिएटरात, की मोबाइलवर मधूनमधून मेसेज वाचत? आवाज किती होता? शेजारी कुणी होतं का? चित्रपट वाईट असणं आणि त्या दिवशी तुला भीती न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू त्या एकाच दाव्याला बांधल्यास.

हा गाढवपणा मीही केलाय, म्हणून बोलते. एक गाजलेला भयपट मी भर दुपारी लॅपटॉपवर पाहिला, पडदे उघडे, आवाज अर्ध्यावर, कारण आतल्या खोलीत माणसं झोपली होती. मग त्याला झोडपणारा लांबलचक लेख लिहिला. दोन वर्षांनी तोच चित्रपट थिएटरात पाहिला आणि ज्या प्रसंगाला मी ‘हास्यास्पद’ म्हटलं होतं, तिथे शेजारच्या अनोळखी बाईंचा हात घट्ट धरून बसले. लेख मात्र मागे घेतला नाही. तेवढा मोठेपणा नव्हता अंगात.

भयपट अर्धाअधिक कानांनी पाहायचा असतो. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी १९७८ साली ‘हॅलोवीन’ हा भयपट केला. पार्श्वसंगीत घालण्याआधी त्यांनी तो एका स्टुडिओतल्या व्यक्तीला दाखवला, आणि तिला जराही भीती वाटली नाही, असं त्यांनीच सांगितलंय. मग त्यांनी स्वतः संगीत केलं. पाच मात्रांचा, कुठेच विसावू न देणारा पियानो. दृश्यं तीच, पण लोक खुर्चीत आक्रसून बसायला लागले. म्हणून एक प्रयोग कर. ज्या प्रसंगाला दचकलीस, तो आवाज बंद करून पुन्हा बघ. काहीच उरलं नाही, तर समज की तुला फक्त कानाजवळ कुणीतरी थाळी आपटून दचकवलं. दचकणं म्हणजे भीती नव्हे. दचकणं दोन सेकंदांत ओसरतं, भीती घरी येते आणि रात्री बाथरूमचा दिवा लावायला लावते. आवाज नसतानाही नजर फ्रेमच्या एखाद्या रिकाम्या कोपऱ्याकडे जात राहिली, तर दिग्दर्शकाने काम केलंय.

‘हॅलोवीन’मध्ये रक्त फार थोडं आहे. मुखवटा घातलेला खुनी उभा असतो, बस. भर उन्हात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये. पुन्हा बघावं तर नसतो. त्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा स्वस्तातला मुखवटा. त्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या आकृतीला नुसतं ‘द शेप’ म्हटलंय, म्हणजे आकार. तो का मारतो, याला उत्तर नाही. आणि उत्तर नाही म्हणूनच तो कुणाच्याही दारात उभा राहू शकतो.

आता तुझ्या दुसऱ्या तक्रारीकडे येते, की फ्रँचायझी, म्हणजे एकाच चित्रपटाचे भागावर भाग काढणं, हा नुसता धंदा. धंदा आहेच, त्यात लपवण्यासारखं काय? पण धंद्यापायी चित्रपटात नेमकं काय बिघडतं ते लिही ना. ‘हॅलोवीन’चंच घे. १९८१ साली दुसरा भाग आला आणि त्यात कळलं की नायिका त्या खुन्याची बहीण आहे. पटकथा लिहिणाऱ्यांत कार्पेंटर स्वतः होते, म्हणजे परक्या कुणी येऊन वाट लावली असंही म्हणता येत नाही. बहीण म्हटल्यावर प्रेक्षक निर्धास्त झाला, कारण तो त्यांचा घरचा मामला ठरला! मग २००७च्या नव्या आवृत्तीत त्याचं दुःखी बालपण आलं. प्रत्येक भागाला आधीच्यापेक्षा जास्त काही द्यायचं असतं, आणि जे द्यायचं ते बहुतेक वेळा स्पष्टीकरणच असतं. शेवटी २०१८च्या चित्रपटाने मधले सगळे भाग बाजूला ठेवून थेट पहिल्याच्या पुढे गोष्ट सुरू केली आणि बहिणीचं प्रकरण ‘लोक काहीतरी बोलतात’ म्हणून एका वाक्यात झटकून टाकलं. जवळजवळ चाळीस वर्षं लागली दार पुन्हा उघडायला.

पण म्हणून पुढचे भाग पाहायचेच नाहीत, असं नाही. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपटमालिकेतल्या जेसन या खुन्याचा तो हॉकीचा मुखवटा सगळ्यांना ठाऊक आहे, तो आला तिसऱ्या भागात, १९८२ साली. पहिल्यात तर खुनी जेसन नाही, त्याची आई आहे. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ समजतो ते कधीकधी वाटेत सापडलेलं असतं. आणि ‘एलियन’ या भयपटात एक परग्रहावरचा प्राणी जेमतेम काही मिनिटं दिसतो, तर १९८६च्या ‘एलियन्स’मध्ये जेम्स कॅमेरॉनने त्यांची फौज उभी केली. घाबरवण्याची तीच युक्ती पुन्हा चालणार नाही हे ओळखून त्याने युद्धपट केला. दुसरा भाग चांगला व्हायला पहिल्याशी थोडी बेइमानी लागते, असं माझं मत. तुझं वेगळं असू दे.

सुपरहिरोंबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्यासमोर मी पटकन कंटाळते. तरी २०१९चा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ पाहताना माझ्या मागच्या रांगेतली पोरं रडत होती. तो मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकेतला २२वा चित्रपट. मी मधले निम्मे पाहिलेले नव्हते, त्यामुळे कोरडी बसले. आता चूक कुणाची? त्यांचं रडू आधीच्या एकवीस चित्रपटांत साठलेलं होतं, ते खोटं कसं म्हणू? मला खटकतात ते वेगळे चित्रपट, जे स्वतः काहीच देत नाहीत आणि श्रेयनामावलीनंतर दोन मिनिटांचा तुकडा दाखवून पुढच्या तिकिटाचा वायदा करतात. उधारीवर चालणारा आणि साठवणीतून देणारा, यातला फरक तुझ्या लिखाणात दिसायला हवा. नुसतं ‘फॅन लोक वेडे आहेत’ लिहून तो दिसत नाही.

आणि हो, कमाईचे आकडे आणि समीक्षकांनी दिलेले स्टार मोजून लिहायला बसू नकोस. तुझ्या तिसऱ्या टिपणात मला वास आला की मत आधी वाचलंस आणि चित्रपट नंतर पाहिलास. ‘संथ पटकथा’ हे शब्द तुझे नाहीत. तू एरवी ‘रटाळ’ म्हणतेस.

पुढच्या वेळी अख्खा चित्रपट लिहू नकोस. एकच प्रसंग घे. कुठे बसली होतीस, पडद्यावर कुठे पाहत होतीस, हात कुठे होते, आणि नेमक्या कोणत्या क्षणी फोन हातात घेतलास तेही. तो क्षण लपवू नकोस, मला त्यातच रस आहे.

मी लेखात झोडपलेला तो चित्रपट तुला पाहायचा असेल तर सांग, मी आणते. पण सोबत बसून पाहू. एकटीने लावायची माझी अजून छाती होत नाही.

तुझी,
मावशी