हार्पच्या खुर्चीत बसण्याआधी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘या वाद्यावर पोट भरेल का?’ हा प्रश्न तू ता. क. म्हणून खाली टाकलास, पण खरं पत्र तेवढंच होतं. म्हणून आधी पोटाचंच बोलते.

मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसेक असतात, हार्पची खुर्ची बहुतेक ठिकाणी एकच. ती रिकामी व्हायची तर कुणीतरी निवृत्त व्हावं लागतं. त्यातून बेथोवेनच्या नऊ सिंफनी घे, ब्राम्सच्या चार घे, एकीतही हार्प नाही. असे कार्यक्रम लागले की तू घरी. आणि खुर्चीत बसायला मिळालं म्हणजे ती आपली झाली असंही नाही. हार्पवादक आना लेल्केश व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रात दोन दशकांहून जास्त काळ वाजवत होत्या, सभासद झाल्या १९९७ मध्ये. तिथल्या पहिल्या स्त्री सभासद त्याच. तेव्हा शिकवण्या, समारंभ, बदली वादकाची कामं यांना कमी लेखू नकोस. माझं घर बरीच वर्षं लग्नसमारंभांनीच चालवलं.

आता ज्याबद्दल तू विचारलं नाहीस ते. हार्प पहिल्या दिवशी गोड वाजते. कुणीही तारांवरून हात फिरवावा आणि लोकांनी वा म्हणावं, असं हे लबाड वाद्य आहे. म्हणूनच लोकांना वाटतं की सगळं काम बोटांचं. खरं काम पायांत आहे. तारा ४७ आणि पायाने दाबायची पेडल ७, सात स्वरांपैकी प्रत्येकाला एक. पेडल वर असलं की फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला, मधल्या खाचेत नॅचरल म्हणजे मूळ, खाली दाबलं की शार्प म्हणजे अर्धा स्वर चढलेला. आणि एक पेडल हललं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. वाद्यं बनवणाऱ्या सेबास्तियाँ एरारने पेडलची ही दोन टप्प्यांची रचना १८१० मध्ये पक्की केली, तेव्हापासून आपण हातांनी वाजवतो आणि पायांनी विचार करतो. डाव्या पायाला डी, सी, बी या स्वरांची पेडल. उजव्याला ई, एफ, जी, ए. झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

एकदा माझं सी पेडल शार्पवरच राहून गेलं होतं. आधी ७० बार, म्हणजे तालाचे तुकडे, नुसते मोजत बसले होते, त्या मोजण्यात पायांकडे लक्षच गेलं नाही. मग माझा एकटीचा जो सूर यायचा तो आला, आणि समोरच्या फ्लूटवाल्याची मान गर्रकन मागे वळली. ती मान मला अजून दिसते. तेव्हापासून विरामाच्या पानावरही पेडलची स्थिती पेन्सिलीने लिहिते.

दुसरी गोष्ट, सूर थांबवणं. तार छेडली की ती वाजतच राहते. खालच्या धातूच्या तारा तर फारच. नवा स्वरमेळ आला तरी जुना घोंगावत असतो. तळवा नेमका कधी टेकवायचा, हे कानाने ठरवावं लागतं, आणि तो कान यायला वर्षं जातात. ऑडिशनला चायकॉव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमधल्या फुलांच्या वॉल्ट्झचा कदेन्झा, म्हणजे हार्पने एकटीने वाजवायचा तुकडा, मागतातच. जलद वाजवणारे पुष्कळ येतात. मी परीक्षक असते तेव्हा त्यांनी मागचा चिखल कसा पुसला, तेवढंच ऐकते. (चायकॉव्हस्कीने लिहिला तसाच तो फार थोडे वाजवतात, हातांना सोयीचा केलेला पाठ रूढ आहे. तो शीक, लाजू नकोस.)

हॉलवर सगळ्यांच्या आधी पोहोच. बाकीचे आले, ट्रम्पेट सुरू झालं, की ४७ तारा लावणं संपलं. मधल्या तारा आतड्याच्या असतात, हवा दमट झाली की लहरीपणा करतात, आणि नवी तार काही दिवस सतत उतरत राहते. कार्यक्रमाच्या दिवशी तार बदलायची वेळ आली तर प्रत्येक मध्यंतरात ती पुन्हा लाव. वाद्य चाळीसेक किलोचं. चाकांची गाडी घे, पाठ वाचव. करंगळी वापरायची नसते हे तुला माहीत आहेच, पण तिला ताठ धरून ठेवतेस ते सोड.

सोलोचं स्वप्न आहे, असंही लिहिलंस. असू दे. मोत्सार्टने हार्पसाठी एकच कन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची सोलो रचना, लिहिला, १७७८ मध्ये, तोही फ्लूटबरोबर वाटून. आणि ज्या सरदाराने तो लिहून घेतला, त्याच्याकडून पैसे येईनात म्हणून घरी तक्रारीचं पत्र धाडलं. मोठे लोक आपल्यासाठी फारसं लिहीत नाहीत, म्हणून आंरिएत रनिए, ग्राँजानी, साल्झेदो या हार्पवादकांनी स्वतःच लिहिलं. त्यांचं आधी वाजव. मग जमलं तर तूही लिही.

पुढच्या पत्रासोबत रेकॉर्डिंग पाठवू नकोस. ग्राँजानीची कुठलीही एक रचना घे आणि पेडल कुठे कुठे बदलतेस त्याच्या खुणा केलेलं पान पाठव. खोडाखोड असली तरी चालेल.

तुझी,
बाई