नऊ वाड्या, एक फायबर आणि मुंबईत जाणारा ओटीपी

दापोली तालुक्यातल्या नऊ वाड्यांच्या गावासाठी मुंबईच्या ग्रामविकास मंडळाने पैसे जमवलेत, ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (गावोगाव इंटरनेट पोचवणाऱ्या सरकारी योजनेची) फायबर आली आहे, आणि आता टॅबलेट घ्यायचे की देवळाजवळ वायफाय लावायचं असं तुम्ही विचारलं आहे. खर्च करण्याआधी वाडीवाडीत फिरून एवढंच विचारा: गेल्या वर्षभरात तुमचं कोणतं काम कशामुळे अडलं? वहीत चार रकाने पाडा: रेंज, ओटीपी, अंगठा, वाचन. रेंजचं गाऱ्हाणं सगळेच सांगतात, कारण सड्यावर चढून फोन लावणं रोजचं आहे. पण पेन्शन, रेशन, अनुदान थांबतं ते बहुतेक वेळा मधल्या दोन रकान्यांत, आणि ते दोन टॅबलेटने सुटत नाहीत.

ओटीपीचं दुखणं खास कोकणातलं. आधार काढताना आईच्या नावापुढे चाकरमानी मुलाचा नंबर दिला गेला. आता आई केंद्रावर रांगेत, मुलगा मुंबईत कामावर, आणि आधारचा ओटीपी चालतो १० मिनिटं. उपाय साधा आहे: आईचा स्वतःचा नंबर आधारला जोडायचा. ओटीपी हा मेसेजच असतो, त्यामुळे साधा बटणाचा फोन पुरतो. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, पण माणूस समोर लागतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन हे काम २०२१ पासून घरी येऊन करतात. तुमच्या पोस्टात ते यंत्र आहे का ते आधी विचारा, आणि ठरलेल्या फीची पावती घ्या. ज्यांचा अंगठाच उठत नाही त्यांना मात्र आधार केंद्रावर न्यावं लागेल. सिम वर्षभर चालू राहील असा फक्त कॉल-एसएमएसचा रिचार्ज करून ठेवा. ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग आईचे ओटीपी परक्याच्या हातात. या कामासाठी गणपतीसारखे दिवस नाहीत, तेव्हा मुलगा घरात असतो आणि मंडळाची माणसंही गावात असतात.

अंगठा न उठण्याची कारणं हाताच्या कामात आहेत. काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलाने भाजतात, चिरेखाणीत कातडी घासली जाते, जाळं ओढून आणि खाऱ्या पाण्यात राहून रेषा बुजतात, आणि लावणीच्या दिवसांत बोटं सुरकुततात. कोमट पाण्याने हात धुवून पूर्ण कोरडे करा, यंत्राची काच पुसा, बोट टोकाने न टेकवता सपाट ठेवा आणि दहाही बोटं आजमावा. जे उठेल ते कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला पाळी पहिल्या बोटापासून सुरू होत नाही. ठसे घेणारं यंत्र एल-१ प्रकारचंच (ठसा यंत्रातच सुरक्षित करणारं) घ्या.

बोट उठतच नसेल तर चेहरा. हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाण ॲपमध्ये ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे; सोबत आधार फेस आरडी हे ॲप लागतं. उजेड समोरून हवा आणि पाठीमागे कोरी भिंत. दाराकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा पडतो आणि ॲप नाकारतं. डोळ्यांची उघडझाप मागणारी पडताळणी अंध माणसाला आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना जमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीला इतर मार्ग ठेवण्याचे निर्देश दिले. बँक किंवा कार्यालय अडवत असेल तर निकालाची तारीख घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अंगठ्यावर पैसे काढताना ‘उठला नाही, परत लावा’ हे वाक्य ऐकलं की थांबायचं, हे प्रत्येक वाडीत सांगा. आधी पावती, मग शिल्लक, मगच दुसऱ्यांदा बोट. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

आता वायफाय. भारतनेटची पेटी आहे म्हणजे नेट आहे असं धरू नका. पेटीवरचा पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे. सात दिवस सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री ९ ला वेग मोजून लिहा. तो टिकला, तर समोर दिसणाऱ्या वाडीवर ५ गिगाहर्ट्झची बिनतारी जोडणी करता येते. या पट्ट्याला २०१८ पासून परवाना लागत नाही. नुसतं दिसणं मात्र पुरत नाही. २ किलोमीटरच्या जोडणीत मधोमध, दोन टोकांमधल्या सरळ रेषेच्या खाली आणि बाजूंनाही, किमान ३ मीटर मोकळी जागा हवी. एवढ्या अंतरावर पाऊस फारसा आड येत नाही, आड येतात ती ओली पानं. मे महिन्यात उत्तम चालणारी जोडणी जूनमध्ये बसते ती यामुळे. माड डोलतो आणि वाढतो, म्हणून तो रेषेत नकोच.

खाऱ्या वाऱ्यात साधे नट-बोल्ट लवकर गंजतात, स्टेनलेस वापरा. केबल बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी घ्या, एक तुकडा १०० मीटरच्या आत ठेवा आणि पेटीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. जांभ्यात अर्थिंग वरवर घातलं तर हिवाळ्यानंतर ओल उतरते आणि ते निकामी होतं. ओल राहते अशा खोल जागी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून घ्या आणि १० ओहमच्या आत आलंय हे मोजून पाहा. फायबरची पेटी, राउटर आणि रेडिओ (बिनतारी जोडणीचं यंत्र) मिळून साधारण ३० वॅट धरा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तर इन्व्हर्टरची घट जाऊन १६ तास मिळतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात किती दिवस अंधार होता ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हा इथे काटकसर नको. पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या सरकारी योजनेखाली छोटा दुकानदारही नोंदणी आणि परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. ज्या वाडीत दुकान आहे तिथे हाच मार्ग बरा.

जागेबद्दल मात्र मी ठाम आहे: देवळाजवळ नको. बौद्धवाडी, मोहल्ला आणि कातकरी वाडीतली माणसं तिथे मोकळेपणी बसणार नाहीत, आणि बाया रात्री येणार नाहीत. शाळेची पडवी किंवा अंगणवाडी घ्या, आणि वरच्या वाडीतून पाखाडी उतरू न शकणाऱ्यांसाठी आठवड्याचा एक वार ठरवून फोन घेऊन माणूसच वर पाठवा. वेळापत्रक वाडीप्रमाणे हवं. कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा शिकवा; शेतकरी बायांना तेच दिवस लावणीचे, त्यांना दिवाळीनंतर. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यांची कागदपत्रं पावसाळ्यातच पुरी करा, आणि त्यांच्यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी बोलायला सोबत घ्या.

सूचना फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. फोटोतला मजकूर टॉकबॅक (अंध माणसाला फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर) नीट वाचेलच असं नाही आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर स्क्रीनरीडरला निरर्थक अक्षरं वाटतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि सोबत मिनिटभराचा आवाजी निरोप द्या, गावच्या बोलीत.

निधीचा मोठा वाटा गावातल्याच एका मुलीच्या किंवा सुनेच्या मानधनावर घाला, टॅबलेटवर नाही. टॅबलेट दोन पावसाळ्यांत कपाटात जातात. शिकलेली, गावात राहणारी बाई दरवर्षी अधिक उपयोगी पडते. तिच्या वहीत तारीख, काम आणि कुठे अडलं एवढंच असावं. आधार क्रमांक लिहायचा नाही, कार्डाचे फोटो तिच्या फोनमध्ये राहू द्यायचे नाहीत, जिथे चालेल तिथे शेवटचे चार अंक दाखवणारं आधार द्यायचं.

वही भरली की वाड्यांमधली अंतरं, उंची आणि मधली झाडं इथे लिहा. कोणती वाडी रेडिओने जोडता येईल आणि कुठे दुकानातून वायफाय द्यावं लागेल ते त्यावरून सांगता येईल.