डिप्लॉयमेंट टूल आलं, आता माझं काय?

प्रिय मित्रा,

हेल्पडेस्कवर दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन सॉफ्टवेअर टाकतोस, आता कंपनी डिप्लॉयमेंट टूल आणतेय आणि ‘एका क्लिकवर सगळीकडे इन्स्टॉल होणार, मग मला कोण ठेवेल? प्रोग्रॅमिंगकडे वळू का?’ असं तू विचारलं आहेस.

घाई करू नकोस. उद्याच साहेबांना सांग की हे टूल मला हाताळायचंय.

क्लिक हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. समोर बसून ‘नेक्स्ट’ दाबायला कुणी नसताना सॉफ्टवेअर गुपचूप बसलं पाहिजे, म्हणजे सायलेंट इन्स्टॉलचं पॅकेज आधी तयार करावं लागतं. एमएसआय फाईल (विंडोजची इन्स्टॉलर फाईल) असेल तर परत येणारे कोड वाचता यायला हवेत: 0 म्हणजे झालं, 3010 म्हणजे झालं पण रीस्टार्ट बाकी, 1603 म्हणजे फसलं. ते खरंच बसलंय का, हे टूलने कशावरून ओळखायचं, फाईलच्या व्हर्जनवरून की रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) नोंदीवरून, तेही तूच ठरवायचं. आणि रिपोर्टमध्ये जी मशिन्स लाल दिसतात, कुठे डिस्क भरलेली, कुठला लॅपटॉप कित्येक दिवस नेटवर्कवर आलेलाच नाही, तिथे तुझा हेल्पडेस्कचा अनुभव कामी येतो. नुसतं प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्याला तो नसतो.

ही जबाबदारी मोठी आहे, हे मनापासून सांगतो. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने मे 2017 मध्ये धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा विंडोजचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची अपडेट, मार्चपासून उपलब्ध होता; कितीतरी ठिकाणी तो मशिनपर्यंत पोचलाच नव्हता. उलट, 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेली आणि सुमारे 85 लाख विंडोज मशिन्स बंद पडली. त्यातली बरीचशी माणसांनी एकेक करून हाताने सुरू केली. म्हणून आधी मोजक्या मशिन्सवर, मग एका विभागात, मग सगळीकडे, आणि मागे फिरायची वाट आधीच आखलेली. ही शिस्त मुलाखतीत उदाहरणासह सांगता आली, तर समोरचा नक्की ऐकेल.

प्रोग्रॅमिंग हवंच आहे, पण ते इथेच आहे. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कामं आपोआप करून घ्यायची स्क्रिप्टची भाषा, शिक. घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स टाक (एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवता येतात), विंडोज सर्व्हरची 180 दिवसांची मोफत चाचणी आवृत्ती घे, दोन क्लायंट, म्हणजे साधी विंडोज मशिन्स, जोड आणि ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या मशिन्सना नियम लावायची विंडोजची सोय) एखादं एमएसआय पाठव. मग मुद्दाम बिघडव: डिस्क भर, मध्येच नेटवर्क तोड, आणि लॉगमध्ये काय उमटतं ते वाच. हे सवयीचं झालं की इंट्यून किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर ही मायक्रोसॉफ्टची डिप्लॉयमेंट टूल्स शिक. लिनक्स सर्व्हर असतील तर अ‍ॅन्सिबल. हेही असंच टूल, पण त्याला प्रत्येक मशिनवर एजंट, म्हणजे टूलचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही.

सर्टिफिकेटचंही विचारलंस. मायक्रोसॉफ्टची एमडी-102 ही परीक्षा याच कामाची आहे, पण ती हा सराव झाल्यावर दे.