येते की जाते?

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, शाळेला निघताना "जाते" म्हटलं की आजी का ओरडते, "येते म्हण" असं का सांगते. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितेय.

माणूस वारला की आपण "ते गेले" म्हणतो ना, म्हणून उंबऱ्यात तो शब्द नको. आजी फुटलेली बांगडीसुद्धा "वाढवली" म्हणते, कोपऱ्यावरचे काका रात्री दुकान "वाढवतात", त्यातलंच हे.

पण या "येते"ने मी इथे घोटाळा करून ठेवला. मलावीतल्या देड्झा जिल्ह्यात ज्या घरी मी राहते, तिथल्या आजीला सगळे आगोगो म्हणतात. चिचेवा भाषेत आजी आणि आजोबा, दोघांनाही हाच शब्द. पहिल्याच आठवड्यात मला दोन दिवस लिलाँग्वेला जायचं होतं. दारात सवयीने बोलून गेले, "न्दिब्वेरा", म्हणजे येते. आगोगोला वाटलं, संध्याकाळी येणार. माझ्या वाटची न्सिमा झाकून ठेवून ती रात्री उशिरापर्यंत बसून राहिली. (न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी, दाण्याचा कूट घातलेली! आजीला नक्की सांग.) परत आले तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण मीच ओशाळले.

इथे निघणारा म्हणतो "त्सालानी ब्विनो", नीट राहा. घरचे म्हणतात "पितानी ब्विनो", नीट जा. चक्क "जा"! पहिल्यांदा ऐकून मला कसंतरीच झालं. पण तेवढं म्हणून कुणी दारात थांबत नाही. हातातली पिशवी काढून घेतात आणि अर्ध्या वाटेपर्यंत सोबत चालतात. त्याला वेगळा शब्दच आहे, कुपेरेकेझा. आगोगोचे गुडघे दुखतात, तरी आंब्याच्या झाडापर्यंत येतेच. आजोबा एसटीच्या फाट्यापर्यंत यायचे, तशी.

आणखी एक गंमत. चेवा लोकांत लग्न झाल्यावर बहुतेकदा नवराच बायकोच्या गावी राहायला येतो. त्यामुळे आगोगोच्या तिन्ही मुली अंगणापलीकडेच आहेत आणि मुलगे सासरी गेलेत.

आता मी निघताना दोन्ही म्हणते आणि वर वारही सांगते: "त्सालानी ब्विनो. न्दिब्वेरा लोलेम्बा." लोलेम्बा म्हणजे सोमवार.

तुझी,
आई