इरिडियमच्या थराकडे पाहताना

आपण इटलीतील गुब्बिओपासून सुरुवात करावी. तिथल्या चुनखडकांमधील जेमतेम सेंटीमीटरभर जाडीच्या चिकणमातीत इरिडियमचे, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींमध्ये अधिक असलेल्या धातूचे, प्रमाण आसपासच्या खडकांच्या सुमारे ३० पट आढळले आणि त्यावरूनच अल्वारेझ पिता-पुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये डायनासोर अशनीच्या आघाताने नष्ट झाले, हा अशनिपाताचा सिद्धान्त मांडला.

नवखे अभ्यासक बहुधा फक्त त्या थराचाच नमुना घेतात. पण वरखालचे नमुने नसतील, तर वाढ मोजणार कशाच्या तुलनेत? दुसरी चूक अधिक फसवी आहे: गाळ अतिशय संथपणे साचला तरी वैश्विक धूळ साठून इरिडियम वाढते, म्हणून आघाताच्या खुणा असलेले क्वार्ट्झचे कणही शोधावेत. आणि हो, नमुने हाताळताना बोटातील प्लॅटिनमची अंगठी काढून ठेवावी. तिच्यात अनेकदा इरिडियम मिसळलेले असते.