जेसन प्लेटोने 97 शर्यती जिंकल्या, तरी बीटीसीसीची विजेतेपदं दोनच का?

ब्रिटिश टूरिंग कार चँपियनशिपमध्ये, म्हणजे बीटीसीसीत, सर्वाधिक 97 शर्यती जिंकणाऱ्या जेसन प्लेटोकडे 2001 आणि 2010 अशी दोनच विजेतेपदं कशी आणि त्याच्यापेक्षा बऱ्याच कमी शर्यती जिंकलेल्या कॉलिन टर्किंग्टनकडे चार कशी, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं: प्लेटोच्या काळात या स्पर्धेचे नियम जिंकणाऱ्याला पुढच्याच शर्यतीत मागे खेचायचे. प्लेटो मात्र प्रत्येक शर्यत जिंकायलाच उतरायचा. शिवाय ऐन भरातली बरीच वर्षं त्याने कोऱ्या गाड्या मार्गी लावण्यात घालवली. नशिबाचा भागही आहे, पण लोक समजतात तेवढा नाही.

आधी शनिवार-रविवारचं गणित बघू, कारण सगळं तिथेच आहे. 2004 पासून एका सर्किटवर एका रविवारी तीन शर्यती होतात. हंगामात साधारण दहा वीकेंड, म्हणजे तीस शर्यती. पहिल्या शर्यतीची ग्रिड, म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या राहण्याचा क्रम, प्लेटोच्या काळात शनिवारच्या क्वालिफाइंगवरून, म्हणजे जलद फेरीच्या चाचणीवरून, ठरायची. दुसरीची ग्रिड म्हणजे पहिलीचा निकाल. तिसरीसाठी दुसरीच्या निकालातली पुढची काही नावं उलटी करतात. किती नावं उलटायची ते चिठ्ठी काढून ठरतं. बरीच वर्षं हा आकडा सहा ते दहाच्या मध्ये असायचा. दहा निघाला तर दुसऱ्या शर्यतीत दहावा आलेला गडी तिसरीला सर्वांत पुढे उभा राहतो आणि जिंकलेला दहाव्या जागेवर जातो.

त्यावर सक्सेस बॅलास्ट, म्हणजे यशाबद्दल गाडीत टाकलेलं जादा वजन. 2015 च्या सुमारास गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत 75 किलो वजन टाकायचे आणि खाली येत येत दहाव्याला 9 किलो. हे वजन क्वालिफाइंगलाही गाडीतच असायचं. पहिल्या शर्यतीनंतर वाटप बदलायचं. जो जिंकला त्याला दुसरीत 75 किलो, मग दुसरीच्या निकालावरून तिसरीचं वाटप. गाडीचं वजन ड्रायव्हर धरून 1300 किलोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त ओझं. सगळ्या गाड्यांच्या फेरीच्या वेळांत जेमतेम एका सेकंदाचा फरक असतो अशा स्पर्धेत सहा टक्के फार होतात.

हे ओझं नेमकं काय करतं ते पुढच्या चाकांकडे बघितलं की कळतं. प्लेटोने बहुतेक कारकीर्द फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाड्यांत काढली: रेनॉ लगुना, व्हॉक्सहॉलच्या व्हेक्ट्रा आणि अॅस्ट्रा, सिआट टोलेडो आणि लिऑन, शेव्हरोले लासेटी आणि क्रूझ, एमजी6, फोक्सवॅगन सीसी. अशा गाडीत ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा भार, सगळं पुढच्या दोन टायरांवर येतं. वजन वाढलं की ब्रेक लवकर दाबावा लागतो, टायर जास्त तापतात, त्यांतला दाब चढतो आणि काही फेऱ्यांनंतर नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागतं. त्यालाच अंडरस्टिअर म्हणतात. ड्रायव्हर ते हँडल आणखी वळवून भरून काढायला गेला की टायर आणखी तापतात, म्हणजे दुखणं वाढतच जातं. उपाय म्हणून मेकॅनिक पुढच्या टायरांत थंड असताना दाब थोडा कमी ठेवतात आणि मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, कडक करतात, म्हणजे मागची बाजू सैल होऊन गाडी वळते. पण मग पहिल्या दोन फेऱ्यांत, मागचे टायर थंड असताना, शेपूट सुटायची भीती असते. थ्रक्स्टनसारख्या वेगवान सर्किटवर उजवी वळणं जास्त आणि डांबर खरखरीत. तिथे पुढचा डावा टायर सर्वांत आधी जातो. जड गाडीने तिथे शर्यतीभर हल्ला चढवणं म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत टायर फुटण्याची जोखीम घेणं.

टर्किंग्टनने त्याची चारही विजेतेपदं मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यूत मिळवली: 2009, 2014, 2018 आणि 2019. तिथे वळायचं काम पुढे आणि ओढायचं मागे, त्यामुळे वजन पुढच्या टायरांना तितकं बोचत नाही. शर्यत थांबलेल्या गाड्यांनी सुरू होते, तिथेही अशी गाडी चांगली सुटते. आयोजक टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, कमी-जास्त करून गाड्यांची बरोबरी साधतात हे खरं, पण टायर किती टिकतो हे बूस्टने बदलत नाही. तरीही चार विजेतेपदांचं श्रेय गाडीला देऊन मोकळं होणं अन्याय होईल. टर्किंग्टनचा खरा गुण म्हणजे 75 किलो घेऊन पाचवा-सहावा येण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. 2018 मध्ये त्याने अख्ख्या हंगामात एकच शर्यत जिंकली आणि तरी तो विजेता झाला. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका हंगामात आहे.

गुण मांडून बघा. या काळातली पद्धत 20, 17, 15, 13, 11, 10, 9, 8 आणि मग एकेक उतरत पंधराव्याला 1 अशी आहे. फेरी आघाडीवर राहून पूर्ण केली किंवा सर्वांत जलद फेरी मारली तर एकेक गुण वर. समजा एकाने पहिली शर्यत जिंकली, दुसरीत ओझ्यासह झुंजत बारावा आला, तिसरीत धडक होऊन बाद झाला. जादा गुण सोडले तर त्याचे 20 आणि 4 मिळून 24. दुसरा गडी चौथा, पाचवा, सहावा आला: 13, 11, 10 मिळून 34. मथळ्यात नाव पहिल्याचं, दहा गुणांची आघाडी दुसऱ्याची. असे तीन-चार वीकेंड झाले की विजेतेपद गेलं.

बाद होण्याची किंमत तर याहून मोठी. पहिल्या शर्यतीत गाडी बंद पडली की दुसरीला शेवटच्या रांगेत उभं राहायचं, आणि तिथून पहिल्या दहांत आला नाहीत तर तिसरीच्या चिठ्ठीचाही फायदा नाही. एक टक्कर तिन्ही शर्यती खाते. आणि मागच्या रांगांतून निघाल्यावर पहिल्याच वळणावर गर्दीत दुसरी टक्कर व्हायची शक्यता वाढते. ब्रँड्स हॅचच्या छोट्या, दोन किलोमीटरलाही थोड्या कमी भरणाऱ्या इंडी सर्किटवर फेरी पन्नास सेकंदांच्या आत संपते. तिथे क्वालिफाइंगमध्ये दोन-तीन दशांश सेकंद गेले की ड्रायव्हर दुसऱ्या रांगेतून सहाव्या रांगेत जातो. पॅडॉक हिल हे उतरतं वळण गर्दीत घ्यायचं म्हणजे चाकाला चाक लागतंच. हँडलचं वळण पुढच्या चाकापर्यंत नेणारा दांडा, म्हणजे ट्रॅक रॉड, किंचित वाकला तरी चाकाचा कोन बिघडतो, टायर एकाच कडेने घासतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी गाडी फेरीगणिक मागे पडत जाते.

आता प्लेटोची वर्षं या चौकटीत ठेवून बघा. 1996 मध्ये रेनॉ स्पायडर कप जिंकल्यावर तो फ्रँक विल्यम्स यांना गाठायला त्यांच्या दाराशी ठाण मांडून बसला आणि 1997 साठी विल्यम्सच्या रेनॉ संघात जागा मिळवली. शेजारच्या गाडीत अलेन मेन्यू होता, त्या वर्षीचा निर्विवाद विजेता. प्लेटो पहिल्याच हंगामात तिसरा आला. 2001 मध्ये नवे नियम आले, मुख्य वर्गात गाड्या मोजक्याच होत्या आणि लढत व्हॉक्सहॉलच्या दोघांतच झाली. अखेरच्या दिवशी ब्रँड्स हॅचवर इव्हाँ म्युलरच्या गाडीने पेट घेतला आणि विजेतेपद प्लेटोचं झालं. त्यानंतर तो बीटीसीसी सोडून गेला आणि 2004 मध्ये सिआटबरोबर परतला, तेही या स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्या कंपनीबरोबर.

इथून नवी कंपनी, नवी गाडी हेच चक्र चालू राहिलं. 2006 मध्ये लिऑन, 2008 मध्ये तीच गाडी डिझेल इंजिनासह, आणि वर्षअखेर सिआट निघून गेली. 2009 मध्ये लासेटी, 2010 मध्ये क्रूझ, 2012 मध्ये एमजी6, 2015 मध्ये फोक्सवॅगन सीसी, 2016 मध्ये सुबारू लेव्होर्ग. नव्या गाडीचा पहिला अर्धा हंगाम माहिती गोळा करण्यात जातो: कोणत्या सर्किटला कोणत्या स्प्रिंग, सॉफ्ट टायर किती फेऱ्या टिकतो, 75 किलो टाकल्यावर पुढची उंची किती धरायची. टर्किंग्टनच्या वेस्ट सरे रेसिंगकडे बीएमडब्ल्यूची ही वही वर्षानुवर्षांची होती. प्लेटोला ती दर दोन-तीन वर्षांनी कोऱ्या पानापासून लिहावी लागली. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा हा सर्वांत कमी बोलला गेलेला भाग आहे. कंपन्या त्याला घ्यायच्या त्या नवी गाडी लवकर जिंकती करण्यासाठी, आणि ते काम तो उत्तम करायचा.

दुसरा क्रमांक त्याला 2006, 2007, 2009, 2014 आणि 2015 मध्ये मिळाला. 2009 च्या अखेरच्या दिवशी ब्रँड्स हॅचवर त्याने तिन्ही शर्यती जिंकल्या, तरी थोड्या गुणांनी टर्किंग्टन पुढे राहिला. 2015 ची जखम अधिक खोल. शेवटची शर्यत प्लेटोने जिंकली, पण गॉर्डन शेडन एकोणिसाव्या जागेवरून निघून चौथा आला आणि चार गुणांनी विजेता ठरला. चौथ्याला 13 आणि आठव्याला 8. शेडन आठवा आला असता तर प्लेटोचं तिसरं विजेतेपद झालं असतं. चाळीशी ओलांडून बराच काळ झालेला ड्रायव्हर नव्या संघात, नव्या गाडीत इतक्या जवळ पोचला, म्हणून मी 2015 हा त्याचा सर्वोत्तम हंगाम मानतो, दोन्ही विजेतेपदांहून वरचा.

2017 मध्ये त्याच लेव्होर्गमध्ये त्याचा तरुण सहकारी अॅश सटन विजेता झाला आणि प्लेटोला मात्र गाडी जमली नाही. ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी होती आणि त्याची वर्षानुवर्षांची सवय पुढच्या चाकांवर झुकून ब्रेक मारत वळणात शिरण्याची. हे कारण मला पटतं, पण सटनचं कसब कमी लेखण्यासाठी ते वापरू नये. त्याने पुढे 2020, 2021 आणि 2023 मध्येही ते सिद्ध केलं.

97 हा आकडा वाचतानाही थोडं थांबा. चार वेळचा विजेता अँडी राऊस याने 60 शर्यती जिंकल्या, पण त्या काळी हंगामात आजच्या तिसाच्या जवळपासही शर्यती नसत. प्लेटोचे बहुतेक विजय रविवारी तीन शर्यतींच्या काळातले. उलट बाजूने, राऊसला 75 किलो आणि उलट्या ग्रिडशी झुंजावं लागलं नाही. म्हणून दोघांत थोर कोण याचा निकाल आकड्यांवरून लावता येत नाही.

प्लेटोचा शेवटचा विजय 2019 मध्ये ब्रँड्स हॅचवर व्हॉक्सहॉल अॅस्ट्रात आला. 2020 मध्ये तो उतरला नाही, 2021 मध्ये परतला आणि 2022 च्या अखेरीस होंडा सिव्हिकमधून निवृत्त झाला. त्याच 2022 मध्ये बॅलास्ट जाऊन हायब्रिड आलं: गुणतक्त्यात वर असलेल्याला विजेची जादा ताकद कमी वेळ, खाली असलेल्याला जास्त वेळ. 2024 नंतर तेही गेलं. 2022 आधीचा निकाल वाचत असाल तर एक करा: विजेत्याचं नाव बघण्याआधी त्या शर्यतीची बॅलास्टची यादी बघा आणि सर्वांत जड ओझं, म्हणजे 66 किंवा 75 किलो, घेऊन कोण पहिल्या सहांत आलं ते शोधा.